रात्री हाताला मुंग्या: स्प्लिंट, इंजेक्शन की शस्त्रक्रिया, हे ठरतं कशावर?

कीबोर्डकर

प्रश्न नेमका मांडते, म्हणजे उत्तरंही नेमकी मिळतील.

स्त्री, वय ४८, मधुमेह नाही, थायरॉइडची तपासणी व्यवस्थित. उजवा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना चार महिन्यांपासून मुंग्या. पहाटे तीनच्या सुमारास जाग येते, हात झटकला की पाचेक मिनिटांत बरं वाटतं. दिवसा फोन कानाला धरला किंवा गाडी चालवली की पुन्हा सुरू. डाव्या हाताचंही तेच, पण बरंच कमी. नर्व्ह कंडक्शन (नर्व्हमधून संदेश किती वेगाने जातो याची तपासणी) झालंय. निष्कर्षात 'दोन्ही बाजूंना कार्पल टनेल सिंड्रोम, उजवीकडे मध्यम, डावीकडे सौम्य' एवढंच लिहिलंय. तयार मिळणारा मनगटाचा पट्टा तीन आठवडे रात्री लावला, फरक जवळजवळ शून्य.

१. तीन आठवड्यांत गुण नाही म्हणजे स्प्लिंटचा उपयोग संपला असं धरायचं का?
२. रिपोर्टमधल्या 'मध्यम'चा अर्थ काय? त्यावरून शस्त्रक्रिया ठरते का?
३. इंजेक्शन घ्यावं की थेट शस्त्रक्रिया करावी?
४. मान किंवा दुसरंच काही असेल तर ते कसं ओळखायचं?

'काळजी करू नका, होईल बरं' छापाचे प्रतिसाद नकोत. कारणासकट लिहा.

---

हस्तरेषा

पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाचं मी लिहिते. रिपोर्टवर मिलिसेकंद लिहितीलच.

आधी बोगद्यात, म्हणजे कार्पल टनेलमध्ये, काय आहे ते. तळहाताच्या मुळाशी मनगटाची आठ लहान हाडं कमानीसारखी बसलेली असतात, आणि कमानीच्या तोंडावर एक जाड, सहजी न ताणणारी आडवी पट्टी असते, ट्रान्सव्हर्स कार्पल लिगामेंट. या जागेतून ९ टेंडन (स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर) जातात: चार बोटांचे प्रत्येकी दोन आणि अंगठ्याचा एक. दहावी मीडियन नर्व्ह. टेंडन दोरखंडासारखे चिवट, दाबले तरी त्यांचं फार बिघडत नाही. नर्व्ह मऊ, वर छपराला जवळजवळ लागून. जागा अपुरी पडली की मार तिला.

दाबाचे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. निरोगी हातात मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब १० मिमी पाऱ्याच्या आत असतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या मोजमापात रुग्णांच्या हातात मनगट सरळ असताना सरासरी ३२, पुढे वाकवल्यावर ९४ आणि मागे वळवल्यावर ११० मिमी दाब सापडला. नर्व्हमधल्या बारीक शिरांचा रक्तप्रवाह २० ते ३० मिमीलाच मंदावायला लागतो. म्हणजे मनगट सरळ असतानाच काठावर आलेली नर्व्ह, आणि झोपेत आपण मनगट मुडपून उशीखाली घालतो. शिवाय आडवं झाल्यावर दिवसभर पायात उतरलेलं पाणी अंगभर पसरतं. मुंग्यांना पहाटेचीच वेळ का सापडते त्याचं हे उत्तर. हात झटकल्यावर बरं वाटणं ही तर या आजाराची खास खूण मानतात.

आता पट्टा. तो 'लागू पडला नाही' असं म्हणण्याआधी चार गोष्टी तपासा, कारण बहुतेक वेळा घोळ यातच असतो.

कोन. तयार पट्ट्यांमधली धातूची पट्टी बरेचदा मनगट २० ते ३० अंश मागे वळवून ठेवते. मोचेसाठी किंवा फ्रॅक्चरनंतर ते ठीक, इथे नाही, कारण मागे वळवल्यावर दाब सगळ्यात जास्त असतो (वरचा ११० चा आकडा बघा). पट्टा लावून हाताच्या मागच्या बाजूवर, कोपराकडून मधल्या बोटाच्या मुळापर्यंत एक मोजपट्टी ठेवा. मनगटापाशी मोजपट्टीखाली फट दिसली की समजायचं, हात मागे वळलाय. धातूची पट्टी खिशातून बाहेर ओढा, टेबलाच्या कडेवर दाबून जवळजवळ सपाट करा, परत घाला आणि पुन्हा मोजा. दोन-तीनदा करावं लागतं.

लांबी. पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषांच्या अलीकडे थांबली पाहिजे. बोटं मुळापासून पूर्ण वाकली पाहिजेत. कड पुढे आली तर पकड अडते, लोक वैतागून पट्टा मध्यरात्री काढून फेकतात.

आवळणं. तीन वेल्क्रो असतील तर मधला नेमका बोगद्यावर येतो, आणि 'घट्ट लावला म्हणजे गुण जास्त' या समजुतीने तोच सगळ्यात जास्त आवळला जातो. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. सकाळी कातडीवर खोल वळ दिसले तर सैल करा.

मूठ. हे फार कमी ठिकाणी सांगतात. बोटं पूर्ण मिटली की तळहातातले लंब्रिकल नावाचे छोटे स्नायू टेंडनबरोबर मागे ओढले जाऊन बोगद्यात शिरतात आणि आधीच भरलेल्या जागेत आणखी गर्दी करतात. मनगट सरळ, पण झोपेत मूठ घट्ट, अशा हाताला नुसत्या पट्ट्याने पूर्ण आराम पडत नाही. तळहातात मऊ कापडाची जाड गुंडाळी ठेवून बोटं अर्धवट उघडी राहतील असं करा. तेवढ्याने न भागल्यास थेरपिस्टकडून बोटांची मुळंही सरळ ठेवणारा स्प्लिंट बनवून घेता येतो.

मुदतीचं सांगायचं तर तीन आठवडे कमीच. कोन बरोबर करून रोज रात्री, एकही रात्र न चुकवता, किमान ६ आठवडे. मगच निकाल द्यायचा. दिवसभर मात्र लावू नका, मनगट आखडतं आणि कामाचा सगळा ताण बोटांवर व खांद्यावर जातो. गाडी चालवताना किंवा त्रास देणाऱ्या ठरावीक कामापुरता चालेल.

टेंडन सरकवायचे व्यायाम: बोटं सरळ, मग आकड्यासारखी (मुळं सरळ, पुढचे दोन सांधे वाकलेले), मग पूर्ण मूठ, मग टेबलासारखी (फक्त मुळं वाकलेली), मग सपाट मूठ. प्रत्येक स्थिती पाचेक सेकंद, पाच फेऱ्या, दिवसातून दोन-तीनदा. व्यायाम करताना मुंग्या वाढल्या तर जोर कमी करा. एकट्या व्यायामाने हा आजार बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, स्प्लिंटच्या जोडीला करायचे ते.

आता दुसरं काही आहे का, ते ओळखण्याच्या खुणा:

करंगळी. मीडियन नर्व्हची हद्द अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू. अनामिकेच्या दोन्ही कडांवरून कापूस फिरवून बघा. एक कड बधिर आणि दुसरी शाबूत असेल तर निदान बरंचसं तिथेच झालं. फक्त करंगळीकडे त्रास असेल तर अल्नर नर्व्ह, बहुधा कोपरापाशी.

तळहात. अंगठ्याखालच्या उंचवट्याच्या कातडीला जाणारी फांदी मनगटाच्या सुमारे ५ सेंटिमीटर आधीच फुटते आणि बोगद्याच्या वरून जाते. म्हणून बोटं बधिर असतात पण उंचवट्याची कातडी ठणठणीत असते. तीही बधिर असेल तर अडचण मनगटाच्या वर कुठेतरी शोधायची.

मान. मानेतून खांद्यामार्गे खाली उतरणारी कळ, मान मागे किंवा एका बाजूला वाकवल्यावर वाढणारी, हात डोक्यावर ठेवल्यावर कमी होणारी. मानेतून निघणारी सी-सिक्स किंवा सी-सेव्हन ही नस दबली तरी अंगठा आणि मधलं बोट बधिर होतात, त्यामुळे फसायला होतं. पण तेव्हा कोपर वाकवायची किंवा सरळ करायची ताकद कमी होते, हातोडीचे झटके बदलतात. कार्पल टनेलमध्ये दुखणं मनगटातून कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंतही चढतं. पण मनगटाच्या वर बधिरपणा येत नाही. दोन्ही एकदम असणाराही माणूस असतो.

मुंग्या नाहीतच, नुसतं अंगठ्याच्या मुळाशी दुखतंय, तर तिथल्या सांध्याची झीज किंवा डी क्वेर्वेन (अंगठ्याच्या टेंडनच्या आवरणाचा त्रास). त्यांची वाट वेगळी.

घरी करण्यासारखी चाचणी: मनगट सरळ ठेवून, तळहाताच्या मुळाशी मधोमध दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ३० सेकंद सारखा दाब द्यायचा (डर्कन). किंवा मनगट पुढे वाकलेलं ठेवून ६० सेकंद थांबायचं (फॅलेन). नेहमीच्याच बोटांत नेहमीच्याच मुंग्या आल्या तर होकारार्थी. नुसतं मनगट दुखलं तर ते धरायचं नाही. आणि चाचणी नकारार्थी आली म्हणून आजार नाही असंही नाही.

---

मिलिसेकंद

वरचा प्रतिसाद उत्तम. रिपोर्टबद्दल.

'सौम्य, मध्यम, तीव्र' हे शब्द प्रत्येक प्रयोगशाळा थोड्या वेगळ्या अर्थाने वापरते, त्यामुळे निष्कर्षाची ओळ सोडून आकड्यांचा तक्ता वाचा. ढोबळ पद्धत अशी:

संवेदनेचा वेग मनगटापाशी मंदावला, पण अंगठ्याच्या स्नायूकडे जाणारा संदेश वेळेवर पोचतोय: सौम्य. संवेदना मंद आणि मोटर लेटन्सीही (स्नायूपर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ) लांबलेली: मध्यम. संवेदनेचा संदेश सापडतच नाही, किंवा स्नायूकडून येणाऱ्या लाटेची उंची घटली आहे: तीव्र.

यामागचं कारण समजलं की पुढचे निर्णय सोपे होतात. दाबाचा पहिला फटका नर्व्हच्या वेष्टणाला, मायलिनला बसतो. वेष्टण खराब झालं की संदेश मंदावतो, पण तार शाबूत असते, आणि दाब काढला की वेष्टण काही आठवड्यांत, महिन्यांत नीट होतं. दाब टिकून राहिला की आतली तार, ॲक्सॉन, तुटायला लागते. लाटेची उंची घटते ती तेव्हा. तुटलेली तार ढोबळमानाने दिवसाला १ मिलिमीटर वाढते. मनगट ते बोटाचं टोक हे १८-२० सेंटिमीटर अंतर मोजा, म्हणजे सहा महिन्यांचा हिशोब कुठून येतो ते कळेल. तीही पूर्ण वाढेलच असं नाही.

म्हणून तक्त्यात वेगापेक्षा उंची आधी बघा. वेग कमी असेल तर हाताशी वेळ आहे. उंची पडली असेल तर नाही.

हे तपासा:

एक, हाताचं तापमान नोंदवलंय का? ३२ अंश सेल्सिअसपेक्षा थंड हातात वेग दर अंशाला साधारण २ मीटर प्रति सेकंदाने कमी दिसतो. वातानुकूलित खोलीत गारठलेला निरोगी हात सहज 'सौम्य' ठरू शकतो.

दोन, अल्नर नर्व्हशी तुलना केली आहे का? अनामिकेला दोन्ही नर्व्हच्या फांद्या येतात. त्याच बोटावर, तेवढ्याच अंतरावरून दोन्हींची वेळ मोजली आणि फरक अर्ध्या मिलिसेकंदापेक्षा जास्त निघाला, तर दोष मीडियनचाच. बोट तेच, तापमान तेच, त्यामुळे पळवाट राहत नाही. अल्नरही मंद असेल तर सगळ्याच नर्व्हचा आजार आहे का ते बघावं लागतं. अशा वेळी पायांच्याही नर्व्ह तपासतात.

तीन, अंगठ्याच्या स्नायूत सुई घालून ईएमजी (स्नायूतल्या विजेच्या हालचालीची तपासणी) केलं का? चालू नुकसान होतंय का, हे त्यात कळतं.

आणखी एक. थोड्या रुग्णांमध्ये लक्षणं अगदी पुस्तकातली असूनही ही तपासणी स्वच्छ येते. तेव्हा सोनोग्राफी कामाला येते. बोगद्याच्या तोंडाशी नर्व्हच्या छेदाचं क्षेत्रफळ साधारण १० चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की संशय बळावतो. नर्व्ह दुभंगलेली आहे का, शेजारी जास्तीची रोहिणी किंवा गाठ आहे का, हेही त्यात दिसतं.

तक्ता टाका, बघू.

---

शंकासुर

बी-सिक्सच्या गोळ्यांचं कोणीच लिहिलं नाही? बऱ्याच ठिकाणी पहिल्या दिवसापासून त्याच देतात. आणि हे सगळं कीबोर्डमुळे होतं ना?

---

हस्तरेषा

बी-सिक्सचा या आजारात फायदा सिद्ध झालेला नाही. उलट रोज १०० मिलिग्रॅमहून जास्त मात्रा महिनोन्‌महिने घेतली तर बी-सिक्स स्वतःच नर्व्ह बिघडवू शकतं, त्याची सुरुवात हातापायांच्या मुंग्यांनीच होते, आणि मग 'मुंग्या वाढल्या, गोळ्या वाढवा' असं चक्र सुरू होतं. बी-ट्वेल्व्हची गोष्ट निराळी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत त्याची पातळी खाली जाऊ शकते, ती तपासून घ्यावी. पण त्या मुंग्या बहुधा पायांपासून सुरू होतात.

साध्या वेदनाशामक गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांनीही काही साधत नाही. पोटातून स्टेरॉइडचा कोर्स काही आठवडे आराम देतो, पण त्यासाठी अख्ख्या शरीराला स्टेरॉइड कशाला, इंजेक्शन जागेवर देता येतं.

कीबोर्डला फार बदनाम केलंय. जोर लावून वारंवार पकडायची कामं आणि कंप पावणारी यंत्रं यांचा संबंध ठळक आहे. टायपिंगचा पुरावा कमजोर आहे. बाकी कारणांत वय, स्त्री असणं, वजन, मधुमेह, थायरॉइड कमी असणं, संधिवात, गरोदरपण, मनगटाचं जुनं फ्रॅक्चर. तरी टंकताना कीबोर्डचे मागचे पाय मिटलेले ठेवा, म्हणजे मनगट मागे वळत नाही. आणि मनगटाखालची ती गुबगुबीत गादी विश्रांतीपुरती आहे. टंकताना तळहाताचं मूळ तिच्यावर टेकवलं तर दाब थेट बोगद्यावरच येतो.

गरोदरपणातला त्रास बाळंतपणानंतर बहुतेकींचा कमी होतो, तेव्हा तिथे स्प्लिंट लावून थांबणं रास्त.

---

कीबोर्डकर

आभार. मोजपट्टी ठेवून पाहिली. फट आहे, चांगली बोटभर. धातूची पट्टी सरळ केली.

तक्ता, उजवा हात: मोटर लेटन्सी ५.१ मिलिसेकंद, लाटेची उंची ८.२ मिलिव्होल्ट. तर्जनीचा संवेदनेचा वेग ३६ मीटर प्रति सेकंद. अल्नर दोन्हीकडे ठीक. ईएमजी: चालू नुकसानीची खूण नाही. तापमान ३३. डावा हात: लेटन्सी ३.८, वेग ४४.

---

मिलिसेकंद

मोटर लेटन्सीची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४ ते ४.५ च्या दरम्यान धरतात, संवेदनेचा वेग ५० च्या आसपास किंवा वर हवा. म्हणजे उजवीकडे वेष्टणाचं नुकसान पक्कं, पण उंची चांगली आहे आणि सुईची तपासणी स्वच्छ. तार शाबूत. 'मध्यम' हा शब्द इथे बरोबर बसतो, आणि एवढ्यावरून कुणी घाईने शस्त्रक्रियेची तारीख घ्यायला सांगत असेल तर त्याला कारण विचारा.

हा कागद नीट जपून ठेवा. उपचार यशस्वी झाले, माणूस पूर्ण बरा झाला, तरी आकडे कायमचे थोडे बिघडलेले राहू शकतात. पुढे कधी त्रास परतला तर तुलनेला आजचा कागद नसेल तर नवा रिपोर्ट काही सांगू शकणार नाही.

---

टाकाधागा

इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया.

रिपोर्टइतकंच, किंबहुना जास्त वजन मी तीन गोष्टींना देतो. बधिरपणा येतो-जातो की चोवीस तास आहे? बारीक कामं जमतात का, बटण लावणं, सुई ओवणं, नाणं उचलणं? आणि अंगठ्याचा उंचवटा भरलेला आहे का?

तिसरी घरी अशी बघा. हात टेबलावर उताणा ठेवा. अंगठा सरळ छताकडे उचला, तळहाताला काटकोनात. दुसऱ्या माणसाने एका बोटाने तो खाली दाबायचा प्रयत्न करावा. दोन्ही हातांची तुलना करा. उंचवट्याच्या बाहेरच्या कडेचा स्नायू चाचपा, घट्ट लागतो की पोकळ? अंगठा आणि तर्जनीची चिमूट किती घट्ट बसते यावर जाऊ नका. ती चिमूट बहुतांशी दुसरे स्नायू करतात, त्यामुळे हा स्नायू पार सुकला तरी चिमूट बरी राहते आणि लोक निर्धास्त राहतात.

एक फसवी गोष्ट ठळकपणे सांगतो. काही लोक वर्षभर रात्री त्रासतात आणि मग म्हणतात, 'आता दुखत नाही, फक्त बोटं जाड वाटतात.' हे बरं होणं नाही. मुंग्या आणि कळा यायलाही नर्व्ह जिवंत लागते. दुखणं ओसरलं, पण बधिरपणा कायम झाला आणि वस्तू हातून निसटायला लागल्या, तर तो हात शस्त्रक्रियेसाठी पहिल्या रांगेतला.

इंजेक्शन: मेथिलप्रेडनिसोलोन, सहसा ४० मिलिग्रॅम, मनगटाच्या घडीपाशी. सौम्य आणि मध्यम आजारात बहुतेकांना काही दिवसांत ते दोन-तीन आठवड्यांत आराम मिळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत इंजेक्शन आणि रात्रीचा स्प्लिंट यांची तुलना झाली. सहा आठवड्यांनी इंजेक्शन सरस ठरलं, सहा महिन्यांनी फरक उरला नाही. त्याचं स्थान असं: लवकर झोप मिळवून देणारं, पण बऱ्याच जणांत आराम कायमचा नाही. गुण आला की दोन फायदे. निदानावर शिक्कामोर्तब होतं, आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर तिचाही गुण येण्याची शक्यता वाढते.

देताना बोटात वीज चमकल्यासारखं झालं तर तत्क्षणी सांगा. सुई नर्व्हला लागत असते, ती मागे घेऊन दिशा बदलावी लागते. दुखणं सहन करून गप्प बसण्याची ही जागा नाही. सोनोग्राफीत बघून दिलं तर हा धोका घटतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते, मोजत राहावं. टोचलेल्या जागी कातडी फिकट किंवा पातळ होऊ शकते. एका इंजेक्शनचा आराम काही महिनेच टिकला तर तिसऱ्या-चौथ्याच्या मागे लागण्यापेक्षा पट्टी कापून मोकळं होणं बरं.

शस्त्रक्रिया: ट्रान्सव्हर्स कार्पल लिगामेंट पूर्ण कापायचं, एवढंच. बोगद्याचं छप्पर उघडतं, कडा दूर होतात, मधे नवी ऊती भरून पट्टी जरा लांब होऊन जुळते. उघड्या पद्धतीत तळहातावर २ ते ४ सेंटिमीटरचा छेद, प्रत्यक्ष काम १०-१५ मिनिटांचं, जागेवरच्या भुलीत. भुलीत ॲड्रेनॅलीन मिसळून सुमारे अर्धा तास थांबलं तर रक्त इतकं कमी येतं की दंडाला आवळपट्टा लागतच नाही, आणि तो पट्टाच लोकांना सगळ्यात जास्त दुखतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका, आधी विचारा. दुर्बिणीच्या पद्धतीत छेद लहान, कामावर परतणं थोडं लवकर, पण वर्षभरानंतरचा निकाल सारखाच. नर्व्हला तात्पुरता धक्का बसण्याचं प्रमाण त्यात थोडं जास्त. ज्याचा हात ज्या पद्धतीत बसलाय त्याने ती करावी.

नंतरचं. बोटं त्याच दिवसापासून हलवायची, पूर्ण मिटायची आणि उघडायची. पहिले दोन-तीन दिवस हात हृदयाच्या वर. मनगटाला स्प्लिंट लागत नाही. टाके १० ते १४ दिवसांनी. हलकं काम आठवड्याभरात, जड काम ४ ते ८ आठवड्यांनी. टाके काढून जखम बंद झाली की व्रणावर व्हॅसलीन लावून अंगठ्याने गोल दाब, ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा.

याच्याबद्दल आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो: तळहाताच्या मुळाशी, छेदाच्या दोन्ही बाजूंना खोल दुखणं. खुर्चीच्या हातावर भार देऊन उठताना कळ येते. याला पिलर पेन म्हणतात. बहुतेकांचं तीन महिन्यांत, काहींचं सहा महिन्यांत जातं. पकडही सुरुवातीला घटते आणि तीनेक महिन्यांत पूर्ववत होते. रात्रीच्या मुंग्या बरेचदा पहिल्या काही रात्रींतच थांबतात, कायमचा बधिरपणा मात्र महिनोन्‌महिने घेतो. सुकलेला स्नायू भरेलच याची हमी कुणी देऊ नये.

फसलं तर कसं फसतं? पहिल्या दिवसापासून जराही फरक नाही: पट्टीचा काही भाग कापायचा राहिला, किंवा निदानच चुकलं. आधी बरं वाटलं, काही महिन्यांनी परतलं: व्रणाच्या ऊतीत नर्व्ह अडकली असेल. आधी नव्हता असा नवाच बधिरपणा किंवा वीज: नर्व्हला किंवा तिच्या फांदीला इजा, ताबडतोब दाखवा. हात सुजून चकचकीत, ताठ, हात लावू न देणारा झाला तर तेही लगेच.

थांबूच नये असा एक प्रकार: मनगटाच्या फ्रॅक्चरनंतर किंवा माराने काही तासांत वाढत जाणारा बधिरपणा आणि असह्य दुखणं. तिथे सहा आठवडे वगैरे नाही, त्याच दिवशी दवाखाना.

आणि साठीपुढच्या पुरुषात दोन्ही हातांचा कार्पल टनेल, सोबत कण्याचा कालवा अरुंद झालेला किंवा दंडाचा टेंडन आपोआप तुटलेला, असं असेल तर शस्त्रक्रियेत टेंडनभोवतीच्या आवरणाचा तुकडा अमायलॉइडसाठी (ऊतींमध्ये साचणारं बिघडलेलं प्रथिन) तपासायला पाठवायला सांगा. हृदयाच्या आजाराची चाहूल कधी कधी हातात अशी काही वर्षं आधी लागते.

तुमच्या केससाठी माझं मत: बधिरपणा येणारा-जाणारा, उंची शाबूत, पट्टा आजवर चुकीच्या कोनात. सहा आठवडे पट्टा नीट लावून बघा. झोपच होत नसेल तर त्याआधी उजव्या हाताला एक इंजेक्शन.

---

कीबोर्डकर

अंगठ्याची ताकद दोन्हीकडे सारखी वाटते, उंचवटाही भरलेला आहे. अनामिकेची अंगठ्याकडची कड बधिर, करंगळीकडची ठीक. दोन प्रश्न राहिले. सहा आठवड्यांनी फरक पडलाय की नाही हे मोजायचं कशावर? 'बरं वाटतंय' हे रोज बदलतं. आणि पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर दोन्ही हात एकदम करतात का?

---

हस्तरेषा

बोस्टन प्रश्नावली वापरा. लक्षणांचे ११ प्रश्न, कामांचे ८, प्रत्येकाला १ ते ५ गुण, दोन्ही भागांची वेगवेगळी सरासरी काढायची. आज भरून तारीख टाका, सहा आठवड्यांनी जुना कागद न बघता पुन्हा भरा. सोबत एक साधी नोंद: रात्री किती वेळा जाग आली, फक्त आकडा. सरासरी खाली आली असेल तर पट्टा आणखी काही आठवडे चालू ठेवून मग एकाआड एक रात्र. जागच्या जागी असेल तर इंजेक्शन. वाढली, किंवा बधिरपणा दिवसाही हटेनासा झाला, तर सहा आठवडे पूर्ण व्हायची वाट बघू नका.

---

टाकाधागा

एकदम करता येतात, करतातही. पण दोन्ही तळहातांवर ड्रेसिंग असताना अंघोळ, कपडे आणि स्वच्छतागृह हे पहिले पाच-सहा दिवस दुसऱ्याच्या मदतीशिवाय जमत नाही. घरात मदतीला माणूस असेल आणि सुट्टी एकदाच मिळणार असेल तर एकदम. नाहीतर जास्त त्रासाचा हात आधी, दुसरा साधारण महिन्याभराने, पहिल्या हाताने बाटलीचं झाकण उघडता यायला लागलं की. तुमच्या डाव्या हाताच्या आकड्यांवर मी सध्या पट्ट्यापलीकडे काही करणार नाही. तोही पट्टा मोजपट्टी लावून तपासून घ्या, एकाच दुकानातून जोडी घेतली असेल तर त्याचाही कोन तोच असणार.